सेव्ह केलं, पण कुणाच्या किल्लीने?

गेल्या शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलो. म्हणजे खरं तर बसवलं गेलो. ("या ड्रॉवरमधल्या वस्तू चालतात तरी का?" हा प्रश्न आमच्या घरात दर दिवाळीच्या आधी येतोच.) डिस्क चालली. तिच्यात २००८ सालचा एक फोल्डर निघाला आणि त्यात सी शार्पमध्ये लिहिलेला माझाच एक छोटा प्रोग्रॅम. जेमतेम चाळीस ओळी. काम एकच: जुन्या सर्व्हरवरची पॅकेजेस एकेक करून उचलायची आणि नव्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये सेव्ह करायची.

त्या चाळीस ओळींत एक शब्द असा आहे की तो दिसला की आजही कानशिलं गरम होतात. शब्द कुठला ते सांगतो, पण तो कळायला आधी थोडा इतिहास ऐकावा लागेल. सॉफ्टवेअरचाही इतिहास असतो बरं का, फक्त तो कुणी शाळेत शिकवत नाही.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी पॅकेज म्हणजे काय ते. कुठल्याही मोठ्या कंपनीत माहिती एका जागी कधीच नसते. विक्रीची एकीकडे, पगाराची दुसरीकडे, बाहेरच्या पार्टीकडून येणारी फाईल तिसरीकडे. ही सगळी रोज रात्री गोळा करायची, निवडून-पाखडून घ्यायची आणि एका ठिकाणी नीट भरायची. आधी हे कर, मग ते कर, मध्येच बिघडलं तर अमक्याला ईमेल पाठव, ही सगळी कृती जिथे लिहिलेली असते ते पॅकेज. त्याच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक, काम करायची पद्धत. दुसरी, ठिकठिकाणची दारं उघडायच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड. या दुसऱ्या गोष्टीमुळे पॅकेज सेव्ह करणं हे वर्डची फाईल सेव्ह करण्याइतकं साधं राहत नाही.

आता गोष्टीला सुरुवात करू.

नोव्हेंबर १९९८. लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर ७.० बाजारात आणला. त्याच्यासोबत एक नवीन साधन होतं, डेटा ट्रान्स्फॉर्मेशन सर्व्हिसेस, म्हणजेच डीटीएस. त्याआधी एसक्यूएल सर्व्हरवाल्यांकडे बीसीपी नावाची एक कमांड होती. फाईल टेबलात ओता, टेबल फाईलीत ओता, बस. इन्फॉर्मॅटिकासारखी मोठी साधनं होती, पण त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागायचे. डीटीएस डेटाबेसबरोबरच आलं, त्यामुळे ते अशा लोकांच्या हातात पडलं ज्यांना हे साधन कुणी कधी घेऊन दिलं नसतं. चौकटी काढा, बाण जोडा, झालं पॅकेज.

मग ते सेव्ह कुठे करायचं? डीटीएसमध्ये यासाठी पर्याय होते. एक, सर्व्हरच्या एमएसडीबी या डेटाबेसमध्ये. एसक्यूएल सर्व्हर आपली स्वतःची कामाची कागदपत्रं जिथे ठेवतो ते हे कपाट. दोन, रिपॉझिटरीत, जिचं २००० सालच्या आवृत्तीत मेटा डेटा सर्व्हिसेस असं नाव झालं. तीन, डिस्कवर एका बंदिस्त फाईलमध्ये. आणि २००० च्या आवृत्तीत चौथा पर्याय आला: पॅकेजचं अख्खं रूपांतर व्हिज्युअल बेसिकच्या कोडमध्ये करून ठेवा.

हा चौथा पर्याय मला फार आवडायचा. तयार झालेल्या कोडच्या शेवटी दोन ओळी असत. एक ओळ पॅकेज चालवणारी. दुसरी ओळ पॅकेज सर्व्हरवर सेव्ह करणारी, पण ती कॉमेंट करून झोपवलेली. वर सूचना: चालवायच्याऐवजी सेव्ह करायचं असेल तर वरची ओळ झोपवा आणि ही जागी करा. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना कोडमधून पॅकेज सेव्ह करता येतं हे त्या झोपलेल्या ओळीवरूनच कळलं. आणि त्या ओळीत नमुना म्हणून काय होतं? सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याचं 'एसए' हे नाव आणि पुढे रिकामा पासवर्ड. त्या काळाबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही :-)

कोडमधून सेव्ह करण्यात तेव्हा एक गंमत होती आणि एक दुःख. दुःख असं की तुम्ही डिझायनरमध्ये चौकटी छान मांडलेल्या असायच्या, शेजारी टिपा लिहिलेल्या असायच्या. कोडमधून तेच पॅकेज उचलून परत सेव्ह केलं की ती मांडणी आणि त्या टिपा गायब. काम तेच, पण ते समजावून सांगणारी अक्षरं पुसलेली. गंमत अशी की एमएसडीबीतल्या टेबलात प्रत्येक सेव्हला एक नवी ओळ पडायची. जुनी आवृत्ती तशीच राहायची. मंगळवारी केलेला घोळ बुधवारी निस्तरायचा असेल तर सोमवारची आवृत्ती उघडायची. यासाठी कुणाला काही शिकावं लागत नव्हतं. पॅकेजचा इतिहास सर्व्हर आपणहून सांभाळत होता. एमएसडीबी फुगत जायचा आणि डेटाबेसवाले कुरकुर करायचे, ती गोष्ट वेगळी.

किल्ल्यांचं काय? तिथे मात्र कारभार ढिला होता. पॅकेजला मालकाचा पासवर्ड देता यायचा, तो दिला तर पॅकेज कुलूपबंद. पण तो देणं ऐच्छिक, म्हणजे बहुतेक जण देत नसत. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला 'एमएस००-०४१' या क्रमांकाचं एक सुरक्षापत्रक काढावं लागलं, कारण पॅकेजमध्ये ठेवलेला आणि पडद्यावर चांदण्यांआड झाकलेला पासवर्ड बाहेर काढता येत होता. शिवाय एमएसडीबीतून पॅकेजची यादी काढायची आणि पॅकेज वाचायची परवानगी मुळातच सगळ्यांना दिलेली असे. ती काढून घ्या, असं सुरक्षेच्या प्रत्येक यादीत लिहिलेलं असायचं. घर बांधणारा दार उघडं ठेवून गेला आणि शेजारी सांगत राहिले, "अहो, कडी लावा."

मग आलं २००५. सात नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत एसक्यूएल सर्व्हर २००५ चं उद्घाटन झालं आणि डीटीएसच्या जागी पूर्ण नव्याने लिहिलेलं साधन आलं: इंटिग्रेशन सर्व्हिसेस, म्हणजे एसएसआयएस. सुरुवातीच्या बीटा आवृत्तीत याचंही नाव डीटीएसच होतं. नाव उशिरा बदललं, तोवर आतलं सामान जुन्या नावाने तयार होतं. म्हणून आजही पॅकेजच्या फाईलचं शेपूट 'डीटीएसएक्स' आहे आणि कोड लिहिताना वर 'डीटीएस डॉट रनटाइम' असंच लिहावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात, तसं.

नव्या साधनाने सेव्ह करण्याचा अर्थच बदलला. डीटीएसमध्ये तुम्ही सर्व्हरवरच बसून पॅकेज बनवत होता. आता पॅकेज ही एक्सएमएलची फाईल झाली. ती तुमच्या मशीनवर, व्हिज्युअल स्टुडिओच्या अवतारात बनवायची, तयार झाली की सर्व्हरवर न्यायची. बनवायची जागा आणि चालवायची जागा वेगळी. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. पण यात एक गोष्ट हरवली. एमएसडीबीतल्या नव्या टेबलात (त्याच्या नावातही 'डीटीएस' होतंच, पुढे ९० हा आवृत्तीचा आकडा लावलेला) एका फोल्डरमध्ये एका नावाची एकच ओळ राहू शकत होती. परत सेव्ह केलं की जुनं पुसलं. इतिहास सांभाळणं हे आता तुमचं काम, तुमच्या सोर्स कंट्रोलचं काम. ज्यांच्याकडे सोर्स कंट्रोल होतं त्यांचं भलं झालं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना आपण काय गमावलं ते काही महिन्यांनी कळलं.

कोडमधून सेव्ह करायला 'ॲप्लिकेशन' नावाचा क्लास होता आणि त्यात 'सेव्ह टू एसक्यूएल सर्व्हर' ही मेथड. तिला पाच गोष्टी द्यायच्या: पॅकेज, घटना ऐकणारा, सर्व्हरचं नाव, युजरचं नाव, पासवर्ड. शेवटच्या दोन जागा नल ठेवल्या, म्हणजे काहीच दिलं नाही, तर विंडोजचं तुमचं खातं वापरलं जायचं. सर्व्हरवरून पॅकेज उचलायची मेथडही अशीच, तिलाही घटना ऐकणारा द्यायचा. दुसरी एक वाट होती, इंटिग्रेशन सर्व्हिसेसच्या सेवेमार्फत सेव्ह करायची, पण ती सेवा कुठल्या सर्व्हरकडे बघते ते एका वेगळ्या फाईलमध्ये लिहिलेलं असे, त्यामुळे आम्ही सरळ पहिल्या वाटेनेच जायचो.

आणि किल्ल्या? इथे मात्र मायक्रोसॉफ्टने आधीच्या ढिलाईची पुरती भरपाई केली. प्रत्येक पॅकेजला 'प्रोटेक्शन लेव्हल' आली. एकूण सहा प्रकार. पासवर्ड अजिबात सेव्ह करू नका. एका पासवर्डने फक्त नाजूक भाग कुलूपबंद करा, किंवा सगळंच करा. बनवणाऱ्याच्या विंडोज खात्याच्या किल्लीने फक्त नाजूक भाग बंद करा, किंवा सगळंच करा. आणि सहावा, हे सर्व्हरवर सोपवा, तो कुणाला काय दाखवायचं ते बघेल. आपणहून काही निवडलं नाही तर यातला कुठला लागू व्हायचा? बनवणाऱ्याच्या खात्याच्या किल्लीने नाजूक भाग बंद करणारा. म्हणजे ज्याने पॅकेज सेव्ह केलं त्यालाच त्यातले पासवर्ड परत मिळणार. दुसऱ्या कुणी ते उघडलं तर पॅकेज उघडतं, पण पासवर्डच्या जागा रिकाम्या. फार आरडाओरडा होत नाही. एक तक्रार होते, ती घटना ऐकणाऱ्याकडे जाते.

आता माझी हार्ड डिस्क.

२००८ साली मी ज्या कंपनीत होतो तिथे जुना सर्व्हर बंद करून नवा घ्यायचा होता. साठेक पॅकेजेस, पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या वेळी बनवलेली. एकेक हाताने नेण्यापेक्षा मी शुक्रवारी दुपारी प्रोग्रॅम लिहिला. लूपमध्ये जुन्या सर्व्हरवरून उचल, नव्यावर सेव्ह कर. संध्याकाळी चालवला. एकही एरर नाही! मी खुशीत घरी.

रात्री दोन वाजता फोन. नव्या सर्व्हरवरची निम्मी कामं कोसळलेली. लॉगमध्ये तेच वाक्य पुन्हा पुन्हा: 'की नॉट व्हॅलिड फॉर यूज इन स्पेसिफाइड स्टेट'. रात्रीची कामं चालवणारं खातं वेगळं, पॅकेजेस माझ्या किल्लीने बंद. शनिवारी सकाळी गेलो, प्रोटेक्शन लेव्हल बदलून सर्व्हरवर सोपवली, प्रोग्रॅम परत चालवला. माझी पॅकेजेस धावायला लागली. बाकीच्यांची नाहीत. मी ती उचलली तेव्हाच त्यांचे पासवर्ड रिकामे झाले होते आणि मी ते रिकामेच सेव्ह केले होते. आठवडाभरात एकेकाने येऊन आपापले पासवर्ड भरले, थोड्या शिव्या घातल्या, चहा झाला, विषय संपला. जुना सर्व्हर बंद झाला.

विषय संपला नव्हता. आमच्यातला एक सहकारी तेव्हा नोटीस पिरियडवर होता. त्याचं एक पॅकेज तिमाहीला एकदाच चालायचं, ग्राहकाच्या एफटीपीवर आकडे पोचवणारं. ते रोज चालत नसल्यामुळे त्या आठवड्यात ते कुठेच कोसळलं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला, नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद झालं. तिमाही संपली आणि पॅकेज एफटीपीच्या दारात अडकलं. जुन्या सर्व्हरचा बॅकअप होता, पण त्यातला पासवर्ड त्याच्या किल्लीने बंद, आणि किल्ली खात्याबरोबर गेलेली. त्याला फोन केला. त्याला पासवर्ड आठवत नव्हता, आणि का आठवावा? ग्राहकाकडून नवा मिळायला अकरा दिवस लागले. तोवर आमच्यातले दोघं रोज हाताने आकडे काढून पाठवत बसले.

मीटिंगमध्ये प्रश्न आला, हे झालं कसं? कुणीतरी म्हणालं, "त्याने हँडओव्हर नीट दिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. जो खोलीत नसतो त्याच्या माथी मारणं सगळ्यात सोपं. मीही गप्प बसलो.

त्या रात्री मी प्रोग्रॅम उघडून बघितला. उचलणाऱ्या ओळीत घटना ऐकणाऱ्याच्या जागी मी नल लिहिलं होतं. हाच तो शब्द. म्हणजे काय झालं होतं? त्या शुक्रवारी संध्याकाळी, माझा सहकारी माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे बसलेला असताना, एसएसआयएस मला सांगत होतं की या पॅकेजातला पासवर्ड मला उघडता येत नाही. आणि मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला काही ऐकायचं नाही. ऐकलं असतं तर "अरे, हा पासवर्ड जरा भरून दे रे" एवढ्या एका वाक्याचं काम होतं.

तीन दिवसांनी मी लीडला हे सांगितलं. तीन दिवस का लागले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो फार काही बोलला नाही. पुढच्या मीटिंगमध्ये दुरुस्ती झाली. पण जो गेला होता त्याच्याबद्दल मधल्या काळात जे बोललं गेलं ते काही माघारी घेता येत नाही. तिथे जुनी आवृत्ती ठेवणारं टेबल नसतं.

असो. इतिहास पुढे नेतो.

२००८ च्या आवृत्तीत एमएसडीबीतल्या टेबलांची आणि भूमिकांची नावं बदलली, 'डीटीएस' जाऊन 'एसएसआयएस' आलं. ज्यांनी त्या टेबलांवर थेट क्वेरी लिहिल्या होत्या त्यांची एक शनिवार-रविवारची सुट्टी गेली. खरा बदल आला २०१२ मध्ये. पॅकेजेससाठी स्वतंत्र डेटाबेस आला, 'एसएसआयएसडीबी'. आता एकेक पॅकेज सेव्ह करायचं नाही, अख्खा प्रोजेक्ट एका गाठोड्यात बांधून पाठवायचा. कोडमधून न्यायचं तर नवी ऑब्जेक्ट्स, किंवा सरळ एक स्टोअर्ड प्रोसिजर, जिला गाठोड्याचे बाइट्स दिले की झालं. त्याच आवृत्तीत डीटीएस पूर्णपणे बाहेर गेलं.

या नव्या व्यवस्थेत दोन गोष्टी माझ्या दृष्टीने मोलाच्या. पहिली, हरवलेला इतिहास परत आला. प्रत्येक प्रोजेक्टच्या मागच्या आवृत्त्या सर्व्हर सांभाळतो, मूळ सेटिंगमध्ये दहा. डीटीएससारखा अमर्याद ढीग नाही आणि २००५ सारखी पाटी पुसणंही नाही. दुसरी, किल्ली माणसाकडून काढून घेतली. गाठोडं सर्व्हरवर पोचलं की सर्व्हर ते स्वतःच्या किल्लीने बंद करतो. बनवणारा नोकरी सोडून गेला तरी काम अडत नाही. पासवर्ड बदलायचा तर पॅकेज उघडायची गरज नाही, तो बाहेर 'एन्व्हायर्नमेंट'मध्ये ठेवता येतो. अर्थात तो डेटाबेस तयार करताना दिलेला मुख्य पासवर्ड कुणीतरी जपून ठेवावाच लागतो, नाहीतर दुसऱ्या सर्व्हरवर तो डेटाबेस उभा करताना घाम फुटतो. किल्ल्यांचा जुडगा एका खिशात आला, एवढंच.

सगळा प्रोजेक्ट एकदम पाठवायचा, यालाही लोक कंटाळले. एका पॅकेजात एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खी वरात कशाला? म्हणून २०१६ मध्ये एकेक पॅकेज पाठवायची सोय परत आली. आणि मधल्या काळात जुनी वाट कुणी बंद केली नाही. २०१२ नंतरही एमएसडीबीत पॅकेज सेव्ह करता येत राहिलं. अझूरच्या मॅनेज्ड इन्स्टन्सवर पॅकेजेस न्यायची तर तिथेही एमएसडीबीत ठेवायची सोय करावी लागली, कारण लोकांनी इतकी वर्षं तिथे जे साठवलं होतं ते कुणी टाकून देणार नव्हतं.

आज माझ्या टीममधली मुलं डेटा फॅक्टरीत काम करतात. त्यांचं पॅकेज म्हणजे गिटमध्ये ठेवलेली जेसनची फाईल आणि पासवर्ड वेगळ्या तिजोरीत, की व्हॉल्टमध्ये. पद्धत एकीकडे, किल्ल्या दुसरीकडे. हे सुचायला आणि रुळायला दोन दशकं गेली. नव्या मुलांना हे इतकं स्वाभाविक वाटतं की कधीकाळी दोन्ही एकाच पोटात ठेवत होतो हे सांगितलं तर ती हसतात. हसू देत.

मागे वळून बघताना मला वाटतं, सेव्ह करणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हतंच. दर वेळी तीन प्रश्नांची उत्तरं दिली जात होती. आधीचं राहणार की पुसलं जाणार? उघडायची किल्ली कुणाची? आणि काही राहून गेलं तर ते कुणाला कळणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मायक्रोसॉफ्ट दर आवृत्तीत बदलत, सुधारत गेली. तिसऱ्याचं उत्तर मात्र १९९८ पासून आजपर्यंत कोड लिहिणाऱ्याच्याच हातात आहे. तिथे नल लिहायचं की नाही, हे कुठलाही सर्व्हर ठरवत नाही.

तुमच्या टीममध्ये सध्या कुणी नोटीस पिरियडवर असेल तर सोमवारी एक काम करा. हँडओव्हरचं डॉक्युमेंट मागण्याआधी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "महिन्यातून, तिमाहीतून, वर्षातून एकदाच चालतं असं तुझं काय काय आहे?" आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर, त्याच्या खात्याबाहेर, एकदा चालवून बघा. अर्धा तास लागेल. आम्हाला अकरा दिवस लागले होते.

डिस्क पुन्हा ड्रॉवरमध्ये गेली आहे. चालते, असं घरी सांगितलंय.